सापाच्या पेटीतली ऊब

ही कात एकेकाने हातात घ्या आणि पुढे द्या. उजेडासमोर धरून पोटाकडची बाजू बघा. सापाच्या पोटाचे खवले रुंद असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे एकामागोमाग एक. शेपटीकडून वर येताना साधारण मध्यावर या पायऱ्या विसकटलेल्या दिसतील. चार-पाच खवले सुरकुतलेले आहेत आणि दोन तर एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही माझ्या घरच्या कॉर्न स्नेकची (घरात पाळला जाणारा एक अमेरिकन बिनविषारी साप) कात आहे आणि तो डाग भाजल्याचा आहे. त्याला सहा वर्षं झाली, तरी तो प्रत्येक कातेवर उमटतो.

त्या रात्री कुठलंही यंत्र बिघडलेलं नव्हतं. पेटीच्या तळाशी लावायची विजेवर तापणारी चटई, म्हणजे हीट मॅट, चालू होती, तापमान बघून तिची वीज कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅटही चालू होता आणि मी त्यावर 30 अंश लावून झोपलो होतो. मॅटच्या वर टेकवलेला प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर, मी नीट चिकटवला नव्हता. सापाने सरपटताना तो ओढत थंड बाजूला, पाण्याच्या भांड्यापाशी नेला. तिथल्या ओल्या भुशात प्रोबला 23 अंश दिसत होते. थर्मोस्टॅटला वाटलं, पेटी गार पडली आहे, म्हणून तो रात्रभर मॅटला वीज देत राहिला. सकाळी मी लपायच्या खोक्याखालची जागा मोजली, तर 46 अंश. साप तिथेच वेटोळं घालून बसला होता.

हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चटका बसत होता तर तो उठून गेला का नाही? त्याला समजत नव्हतं असं नाही, सापाला वेदना होतात. पण साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. पेटीत ऊब मिळण्याची एकच जागा असेल आणि बाकी सगळं गार असेल, तर तो त्या जागेला धरून बसतो. शिवाय त्याला लपायचंही असतं. लपायची जागा तिथेच असली, तर उघड्यावर यायला तो आणखी कचरतो.

दुसरी गोष्ट, भाजणं नुसत्या तापमानावर नाही, वेळेवरही ठरतं. मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी 1947 मध्ये कातडीवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की 44 अंशांनीही इजा होते, फक्त त्याला जवळजवळ सहा तास लागतात. हात ठेवून ‘कोमटच तर आहे’ म्हणणारे आपण तिथे दहा सेकंद थांबतो. साप तिथे रात्र काढतो.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो. रानात ऊन वरून येतं. दुपारी जमीन तापली की साप बिळात उतरतो, कारण खाली गारवा असतो. खाली म्हणजे गार, ही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची समज. आपण पेटीच्या बुडाशी मॅट लावतो आणि हेच उलटं करून टाकतो. गरम झालं म्हणून साप भुशात शिरतो, आणि जितका खोल जातो तितका विस्तवाच्या जवळ पोचतो. त्यात भुशाचा थर जाड असेल तर खालची उष्णता वर निघतच नाही, तिथेच कोंडते. मॅटवर सपाट बुडाचं जड भांडं ठेवलं तरी हेच होतं. वरची हवा मात्र गारच राहते, म्हणून आपण थर्मोस्टॅटचा आकडा आणखी वाढवतो. मॅट वापरायचीच असेल तर भुसा पातळ ठेवा, ती तळाच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको, आणि थर्मोस्टॅटशिवाय ती कधीही लावू नका. गरम होणारे नकली दगड विकत मिळतात, ते मी कुणालाही घेऊ देत नाही.

वरून उष्णता देणं मला जास्त पटतं. दिवा असेल तर डिमर पद्धतीचा, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट लावा, कारण चालू-बंद होणाऱ्या थर्मोस्टॅटने दिवा सतत लुकलुकतो आणि लवकर जातो. दिव्यासारखा होल्डरमध्ये बसणाऱ्या सिरॅमिक हीटरला प्रकाश नसतो, म्हणून तो रात्रीही चालतो, त्याला पल्स पद्धतीचा, म्हणजे वीज छोट्या छोट्या झटक्यांनी देणारा थर्मोस्टॅट चांगला. त्याचा होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. आणि दोन्हींभोवती जाळी हवीच. साप वर चढून गरम दिव्याला वेटोळं घालतो, त्याला ते झाडाच्या फांदीसारखंच वाटतं.

मग तापमान किती ठेवायचं? आकडे सांगतो, पण ते एकटे पाठ करू नका. बॉल पायथनला (आफ्रिकेतला छोटा अजगर) गरम टोकाला 31 ते 33 अंश आणि थंड टोकाला 25 ते 27. कॉर्न स्नेकला गरम बाजूला 28 ते 30 आणि थंड बाजूला 22 ते 24. दोन्ही टोकांमधला हा फरक म्हणजे सापाच्या दृष्टीने उतार आहे आणि त्याला तोच हवा असतो. काउल्स आणि बोगर्ट या संशोधकांनी 1944 मध्ये वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करून दाखवलं की हे प्राणी जागा बदलून आपलं तापमान बऱ्यापैकी नेमकं सांभाळतात. खाल्ल्यावर साप उबेला जातो, कारण गार शरीरात भक्ष्य पचत नाही, कधीकधी उलटून पडतं. पोट भरलेलं नसताना तोच साप गार कोपरा धरतो. निवड त्याची आहे. म्हणून लपायला दोन्ही टोकांना जागा द्या. एकाच टोकाला दिली तर त्याला ऊब आणि सुरक्षितपणा यांतलं एकच निवडावं लागतं.

प्रोबबद्दल मी हट्टाने बोलतो, कारण ही कात समोर आहे. प्रोब पक्का बसवा, साप ओढणार नाही, पाणी लागणार नाही असा. आणि त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. थर्मोस्टॅट जो आकडा दाखवतो तो प्रोबच्या टोकाचा असतो, पेटीचा नसतो. दोन्ही टोकांना एकेक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे न टेकवता लांबून तापमान मोजणारं यंत्र, वापरा. भिंतीला चिकटवायची गोल तबकडी हवा मोजते, तीही भिंतीजवळची. साप जिथे पोट टेकवतो तिथलं तिला काहीच कळत नाही.

उन्हाळ्यात खोलीच 34 अंशांवर गेली की थर्मोस्टॅट हतबल होतो. तो उष्णता थांबवू शकतो, गारवा आणू शकत नाही. अशा वेळी पेटी खाली जमिनीवर, खोलीच्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवा. काचेच्या पेटीवर थेट ऊन कधीच पडू देऊ नका, आतली हवा थोड्याच वेळात जीवघेणी तापते. वीज गेली तर मात्र घाबरू नका. निरोगी मोठा साप काही तासांचा गारवा सहन करतो, अति उष्णता नाही. पेटीवर जाड चादर घाला, हवा यायला फट ठेवा, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एका बाजूला द्या. सापालाच पांघरुणात गुंडाळून उपयोग नाही, पांघरूण फक्त असलेली ऊब धरून ठेवतं. अंड्यांभोवती बसलेली बर्मी अजगराची मादी स्नायू आकसून स्वतः उष्णता निर्माण करते, हे 1966 मध्ये प्राणिसंग्रहालयात मोजलं गेलं. पण ही सवलत पाळलेल्या सापांपैकी फार थोड्यांना आहे.

भाजलं आहे हे पहिल्या दिवशी कळेलच असं नाही. पोटाचे खवले आधी गुलाबी दिसतात, मग तपकिरी होतात, फोड येतात, पाणी सुटतं. माझ्या सापाचा रंग तिसऱ्या दिवशी बदलला. त्याच्यावर तेल, हळद, घरातलं कुठलंही मलम लावू नका. उष्णतेचं साधन आधी तपासा, भुसा काढून साधा टिश्यू पेपर अंथरा, कारण ओल्या जखमेला भुसा चिकटतो, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या.

पेटी नवी असेल तर साप सोडण्याआधी दोन-तीन दिवस ती रिकामीच चालवा. पहाटे, भर दुपारी आणि दिवे बंद केल्यावर, दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. प्रोब मुद्दाम ओढून बघा, सुटतो का. सुटला तर पुन्हा बसवा आणि वहीचं पान नव्याने सुरू करा.