न उलगडणारा चित्रपट पाहताना

मित्रहो, महोत्सवात एखादा अवघड चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत पहिला प्रश्न ऐकू येतो तो 'काही कळलं का?' हा. दिग्दर्शकाने अर्थ कुठेतरी दडवून ठेवला आहे आणि तो हुडकणे एवढेच प्रेक्षकाचे काम, असे गृहीत त्यामागे असते. ते मला मान्य नाही.

१९६० साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो आन्तोनिओनी यांचा 'लाव्हेन्तुरा' दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सहलीला गेलेली आन्ना ही तरुणी एका बेटावरून नाहीशी होते, तिला शोधणारी माणसे हळूहळू तिला विसरू लागतात आणि तिचे काय झाले, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. काही चित्रकर्मी आणि समीक्षकांनी लगोलग पाठिंब्याचे पत्रक काढले आणि त्याच महोत्सवात चित्रपटाला परीक्षक मंडळाचा पुरस्कारही मिळाला. तरीही हुर्यो उडवणाऱ्यांना मंद म्हणायची माझी तयारी नाही. पडद्यावरची माणसे आन्नाला विसरली, प्रेक्षक विसरले नाहीत. त्यांच्या संतापातच चित्रपट त्यांना नेमका पोचला होता.

म्हणून 'अर्थ काय' याआधी 'हा चित्रपट कोणता नियम पाळतो' असे विचारून पाहावे. शांताल आकरमान यांच्या १९७५ सालच्या 'जान दिएलमान'मध्ये एका विधवा गृहिणीचे तीन दिवस २०१ मिनिटांत येतात. कॅमेरा जागचा हलत नाही. ती भांडी घासते, स्वयंपाक करते, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवते आणि ही कामे बहुतेक पुरती होईपर्यंत आपल्याला पाहावी लागतात. पहिला तासभर चुळबुळ होते, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. पण तेवढ्या वेळात तिच्या दिवसाची लय आपल्या अंगात मुरलेली असते, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात तेव्हा, एरवी ज्याला आपण घटनाही म्हटले नसते, ते संकटासारखे अंगावर येते. हे कथासार वाचून कधीच कळणार नाही; त्यासाठी तो वेळ खर्चावाच लागतो.

मायकेल स्नो यांच्या १९६७ सालच्या 'वेव्हलेंग्थ'मध्ये नियम याहून कठोर आहे. ४५ मिनिटे कॅमेऱ्याची चौकट, म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग, एका खोलीच्या समोरच्या भिंतीकडे सरकत राहते. मध्येच एक माणूस आत येऊन कोसळतो, पण चौकट त्याच्यासाठी थांबत नाही.

दुर्बोध तेवढे थोर, असा याचा अर्थ कृपया काढू नये. सोयीप्रमाणे स्वतःचाच नियम मोडणारे आणि त्या ढिसाळपणाला गूढतेचे नाव देणारे चित्रपटही महोत्सवांत भरपूर असतात. शिवाय दिवसातला चौथा चित्रपट पाहताना आलेली झोप हा चित्रपटाचा दोष की आपल्या वेळापत्रकाचा, हेही प्रामाणिकपणे ठरवले पाहिजे.

राहिला प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम. तिथे दिग्दर्शकाला अर्थ विचारला, तर तो बहुधा हसून विषय टाळतो. त्यापेक्षा कॅमेरा दाराशीच का ठेवला, अमुक आवाज मध्येच का तुटला, असे विचारावे. यांची उत्तरे त्याच्याकडे असतात, आणि नसली तर तेही लगेच दिसते.