तळं बुजवलं, बॅरल भरलं

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हा प्लास्टिकचा तुकडा पुढच्या रांगेत देतो. निळ्या बॅरलचा कापलेला आहे. उकळत्या पाण्यात बुडवून आणलाय, तेव्हा भिऊ नका. पाण्याची रेघ दिसते ना? तिच्या जरा वर बघा. खसखशीएवढे काळे ठिपके आहेत. ती डेंग्यूच्या डासाची, एडिस इजिप्तीची अंडी.

ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या वर कडेला चिकटवते. तिथं ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी चढून भिजली की अळी बाहेर पडते आणि पुढं आठ-दहा दिवसांत डास. आता विचार करा, नळाला दिवसाआड पाणी आलं की आपल्या बॅरलचं काय होतं? उतरतं, पुन्हा चढतं. या डासाला नेमकं हेच हवं असतं. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड काथ्यानं खसाखसा घासावी लागते.

हे बॅरल माझ्या धाकट्या बहिणीच्या दारातलं. तिला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरल्या, घरात कुणाला चार दिवस झोप नव्हती. मग गल्लीत धुराचं मशीन आलं. धुरानं उडते डास मरतात, अंड्यांना काहीही होत नाही. पाणी कधी सोडायचं ते अभियंते ठरवतात, धूर आरोग्यवाले मारतात. दोघांची गाठ पडते ती साथ आल्यावर. माझी तक्रार आहे ती इथं.

हे दोन्ही विषय एकाच डोक्यात बाळगणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडं येऊन गेला. पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे, जन्म १८५४. जीवशास्त्र शिकले थॉमस हक्सलींच्या हाताखाली आणि पुढं वळले नगररचनेकडं. १९१४ साली भारतात आले, १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. होळकरांच्या इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ चा. त्या काळी हिवतापाच्या धास्तीनं तळी बुजवायची टूम निघाली होती. गेडिस सांगत, तळी राखा, त्यात मासे आणि बदकं सोडा, अळ्या ती खातील.

आणि आपण? कोल्हापूर तर तळ्यांचं गाव. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की आपण वैतागतो. पण उतार तोच आहे, चारी बाजूंचं पाणी तिथंच येणार.

जित्या तळ्यात अळीला सुख नसतं. मासे असतात, चतुराची पिल्लं असतात, पाणकिडे असतात, सगळे तिच्यावर टपलेले. बॅरलमध्ये तिला खाणारं कुणीच नाही. तळी गेली आणि दारोदारी बॅरलं आली, म्हणजे पाणी राहिलं आणि त्याचे राखणदार तेवढे गेले.

उरलेल्या तळ्यांचं तरी काय करतो आपण? रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं की नायट्रोजन, फॉस्फरस वाढतो, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं, पहाटे मासे तडफडतात. अशा पाण्यात गप्पी मासे सोडून फोटो काढण्यात अर्थ नाही. आधी नाले अडवा, मग मासे सोडा.

पाण्याचं वेळापत्रक ठरेल, नव्या इमारतीच्या टाकीचा नकाशा मंजूर होईल, तेव्हा प्राणीशास्त्र जाणणारं एक माणूस तिथं बसलेलं हवं. ही मागणी मी दर वर्षी लिहून देतो, यंदाही देणार आहे.

तोवर आपल्या हातातलं करू. येत्या रविवारी सकाळी सातला गांधी मैदानाजवळ जमायचं आणि आसपासच्या गल्ल्यांतली बॅरलं तपासायची. कॉलेजची पोरं येणार आहेत. येताना बॅटरी आणा, काथ्या मी आणतो. आणि तो तुकडा आता मागच्या रांगेत जाऊ द्या.