सलाईन किती, आर्टेसुनेट कधी

श्रोतेहो, नमस्कार.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून पेशंट आधी झोळीतून रस्त्याला आणि मग गाडीने दवाखान्यात पोचतो, तोवर तापाचा तिसरा-चौथा दिवस असतो. घरचे म्हणतात, "डॉक्टर, आधी सलाईन लावा." फॅल्सिपेरम हिवताप, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, डोक्यात किंवा किडनीत गेला असेल, तर हाच आग्रह महागात पडतो. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की फुप्फुसांत पाणी भरतं, श्वास लागतो. म्हणून लघवी मोजायची आणि त्या हिशेबाने सलाईन द्यायचं.

जीव वाचवायचा तर आर्टेसुनेट, म्हणजे हिवतापाचे जंतू मारणारं इंजेक्शन, लवकर गेलं पाहिजे. भारतासह चार देशांतल्या 1461 रुग्णांवरचा अभ्यास 2005 साली आला: क्विनाइन या जुन्या औषधावर शंभरात 22 दगावले, आर्टेसुनेटवर 15. मात्रा किलोमागे 2.4 मिलिग्रॅम, 20 किलोच्या आतल्या मुलांना 3. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 120 मिलिग्रॅम, 60च्या दोन कुप्या. प्रत्येक कुपीतली पूड सोबतच्या 1 मिली सोडियम बायकार्बोनेटमध्ये नितळ होईपर्यंत हलवायची, मग 5 मिली सलाईन घालून शिरेतून सावकाश द्यायची. गढूळ राहिली तर फेकून द्यायची. कालवलेलं औषध तासाभरात संपवायचं. बाटलीत टाकून थेंबथेंब सोडायचं नाही. दुसरा डोस 12 तासांनी, तिसरा 24 तासांनी, पुढे रोज एक. निदान तीन डोस झाले आणि पेशंट गिळू लागला, की तीन दिवसांच्या गोळ्या. या गोळ्या 'ताप उतरला' म्हणून टाकून देणारे पुष्कळ!

पेशंट बरळतो, झटके येतात, तेव्हा 'बाहेरचं लागलं' म्हणत भगताकडे धावू नका. बोट टोचून साखर बघायला सांगा. ती 40च्या खाली गेली की असंच होतं, आणि शिरेतून ग्लुकोज दिलं की कधीकधी मिनिटांत माणूस डोळे उघडतो. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात साखरपाणी मात्र ओतू नका, ते श्वासनळीत जातं.

रक्ताची पहिली काच (काचेवर थेंब घेऊन केलेली तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून हिवताप नाही, असं धरू नका. जंतू आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटाच्या रक्तात दिसत नाहीत. 12 ते 24 तासांनी पुन्हा काच घ्यायला सांगा.

घरी गेल्यावर एक काम उरतं. आर्टेसुनेटनंतर काहींचं रक्त एक ते तीन आठवड्यांनी अचानक कमी होतं. सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी हिमोग्लोबिन तपासून घ्या. मध्येच लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.