नवं पिस्तूल आणि माझा अंगठा

मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय नवं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसं रुळवायचं आणि अडकलं तर काय बघायचं. त्यावर येतोच, पण आधी एक जुनं दुखणं सांगतो, म्हणजे मग बाकीचं पटेल.

मी पहिलं नवं पिस्तूल घेतलं तेव्हा काय व्हायचं, शेवटचा राउंड, म्हणजे गोळी, उडाला की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे अडकून उघडी राहायला पाहिजे ना, ती राहायचीच नाही. मी आपला ट्रिगर ओढतोय आणि नुसतं टिक. पाच मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायच्या पेट्या, पाचही वेळा टिक. मी लगेच निकाल लावला, पिस्तूल सदोष! कारागिराकडे नेलं, त्याने स्वतः झाडून बघितलं, म्हणाला काही बिघाड नाही. मी मनात म्हटलं याला काय कळतंय. परत रेंजवर, परत टिक. पुन्हा त्याच्याकडे नेलं. दुसऱ्यांदा त्याने पिस्तुलाकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या हाताकडे बघत बसला आणि म्हणाला, "साहेब, अंगठा उचला."

माझा उजवा अंगठा स्लाइड स्टॉपवर, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर, ऐटीत विसावलेला! मॅगझिन रिकामं झालं की त्यातला फॉलोअर, म्हणजे गोळ्या वर ढकलणारी पट्टी, तो खटका वर ढकलतो, आणि मी वरून दाबून धरलेला, मग स्लाइड उघडी राहणार कशी? तीन आठवडे, दोन फेऱ्या आणि सगळ्या ओळखीच्यांपुढे कंपनीची बदनामी, कशासाठी तर एका अंगठ्यासाठी. हसा, हसा, पण इथे निम्म्यांचा अंगठा आत्ता कुठे असतो ते मला माहितीये. काहींचं उलट होतं बरं का, डाव्या अंगठ्याने खटका खालून ढकलला जातो आणि गोळ्या शिल्लक असतानाच स्लाइड उघडी राहते.

तर तेव्हापासून माझं एकच वेड आहे, वही. आज कुठली गोळी, कितवं मॅगझिन, कितव्या राउंडला अडकलं आणि हातात कोणाच्या होतं. मॅगझिनच्या बुडाला मार्करने १, २, ३ लिहा. दर वेळी २ नंबरच अडकत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही, त्या मॅगझिनचा आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो. लोक स्प्रिंग, गोळी, ऑइल सगळं एकदम बदलतात आणि मग कशाने बरं झालं ते त्यांनाच कळत नाही.

कोणीतरी विचारेलच, चांगल्या पिस्तुलाला रुळवायचं कशाला? मार्च १९११ च्या अमेरिकी सैन्याच्या चाचणीत जॉन ब्राउनिंग या रचनाकाराच्या पिस्तुलातून ६००० राउंड झाडले, तापलं की पाण्यात बुचकळायचे, आणि ते एकदाही अडकलं नाही. खरंय, पण आपलं आपण तपासल्याशिवाय... अरे, घड्याळ दाखवतायत. पाचच मिनिटं?

बरं, पटापट. पिस्तूल आधी रिकामं करा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. कारखान्यातून येताना लावलेलं तेल-ग्रीस गंज लागू नये म्हणून असतं, ते पुसून रेल्सवर, म्हणजे स्लाइड ज्यावरून सरकते तिथे, नवं ऑइल थेंबभर लावा, चेंबर कोरडं ठेवा. पहिले दोन-तीनशे राउंड पूर्ण ताकदीच्या गोळ्यांनी, कारण नवी रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला परत पुढे आणणारी, कडक असते, हलक्या टार्गेट गोळीला स्लाइड पूर्ण मागे न्यायला जोर पुरत नाही.

रिकामी केस, म्हणजे उडालेल्या गोळीचं कवच, स्लाइडमध्ये उभी अडकली तर आधी मनगट बघा. मनगट ढिलं असलं की फ्रेमही, म्हणजे खालचा सांगाडाही, स्लाइडबरोबर मागे जाते आणि स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो. पकड घट्ट, गोळी बदलली, मॅगझिन बदललं, तरी तेच? मग एक्स्ट्रॅक्टरखाली, म्हणजे केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली, घाण आहे का बघा, नाहीतर कारागीर. फीड रॅम्पला, म्हणजे मॅगझिनमधून चेंबरकडे गोळी चढते त्या उताराला, स्वतः कानस लावायची नाही, घासलेलं परत भरून येत नाही.

ट्रिगर ओढला आणि गोळी उडालीच नाही तर नळी टार्गेटकडेच, ३० सेकंद थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबा, पुढचा राउंड अजिबात नाही, गोळी नळीतच अडकलेली असू शकते. रिकामं करून नळी तपासा, मगच पुढे.

वही मी आणलीये, प्रश्नांच्या वेळात बघा. पहिल्या पानावर अंगठ्याचं चित्र आहे, ते माझ्या मुलीने काढलंय.