ब्राँटे भगिनींचं आयरिश गणगोत

नमस्कार श्रोतेहो.

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ किंवा तिची बहीण एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी वाचलेल्या माणसाला ब्राँटे म्हटलं की उत्तर इंग्लंडातलं यॉर्कशायर आठवतं. वाऱ्यानं झोडपलेली माळरानं, हॉवर्थ गाव, चर्चशेजारचं ते दगडी घर. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या तिघी तिथं वाढल्या, तिथंच त्यांनी लिहिलं, आणि इंग्लंडनं त्यांना पक्क्या यॉर्कशायरच्या ठरवून टाकलं. त्यांच्या वडिलांचं घराणं मात्र आयर्लंडचं. पुढे शार्लटचं सासरही तिकडचंच झालं. आज या गणगोताविषयी बोलू या.

वडील पॅट्रिक. जन्म 17 मार्च 1777, म्हणजे आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक याच्याच सणाच्या दिवशी, काउंटी डाउनमधल्या ड्रमबॅलीरोनीजवळ. दहा भावंडांत हे थोरले. घरची गरिबी, आडनाव ब्रंटी. काही दिवस लोहाराच्या हाताखाली, मग लिननच्या मागावर आणि सोळाव्या वर्षी थेट मास्तर! टाय नावाच्या स्थानिक पाद्र्यानं या मुलाची हुशारी हेरली, आणि 1802 मध्ये पॅट्रिक केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. फी भरण्याची ऐपत नसलेल्यांसाठी तिथं सवलतीच्या जागा असत, तशी एक त्यांना मिळाली. तिथं पोहोचल्यावर आडनाव बदललं आणि ब्रंटीचं ब्राँटे झालं. नौदलाचा वीर नेल्सन नुकताच सिसिलीतल्या ब्राँटेचा ड्यूक झाला होता, त्याचा हा परिणाम असावा, असं चरित्रकार म्हणतात. इंग्लंडात वर चढायचं तर शेतकऱ्याचं आयरिश नाव अडचणीचं, हे पॅट्रिकना कळलेलं असणार. मला यात लबाडी दिसत नाही, व्यवहार दिसतो.

नाव बदललं तरी बोलीचा सूर कुठं जातो? 1831 मध्ये शार्लट रो हेडच्या शाळेत गेली. तेव्हा ही मुलगी ठसठशीत आयरिश ढंगात बोलायची, असं तिची मैत्रीण मेरी टेलर हिनं पुढे लिहून ठेवलंय. आणि शार्लटनं तोवर आयर्लंडची माती पाहिलीही नव्हती! आई ती पाच वर्षांची असतानाच वारलेली. म्हणजे हा सूर वडिलांचाच.

आजोबा ह्यू ब्रंटी हे फर्डे गोष्टीवेल्हाळ होते, असं सांगतात. 1893 मध्ये विल्यम राइट या काउंटी डाउनच्याच पाद्र्यानं ब्राँटे घराण्याच्या आयरिश कथांचं पुस्तक काढलं. त्यात कुठंतरी सापडलेला, घरात आणून वाढवलेला आणि पुढे त्या घरावरच उलटलेला एक पोर आहे. ‘वदरिंग हाइट्स’मधल्या हीथक्लिफची आठवण येते ना? त्याच पुस्तकात एक चुलतेही भेटतात. ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकानं पुतणीच्या ‘जेन एअर’वर झोड उठवली म्हणून हे काका जाडजूड सोटा घेऊन टीकाकाराला बडवायला लंडनला निघाले म्हणे! अभ्यासकांनी यातल्या बऱ्याच गोष्टी खोडून काढल्यात, आणि त्यांचंच बरोबर असावं. पण असा काका हवाहवासा वाटतो खरा.

आता शार्लटच्या लग्नाकडे वळतो, कारण खरी कथा तिथंच आहे. पॅट्रिक हॉवर्थच्या चर्चचे पाद्री होते, आणि आर्थर बेल निकोल्स हा त्यांच्या हाताखालचा मदतनीस पाद्री. जन्म काउंटी अँट्रिममधला, वाढला शॅनन नदीकाठच्या बॅनहर गावी, शाळा चालवणाऱ्या मामांकडे. डिसेंबर 1852 मध्ये त्यानं शार्लटला मागणी घातली आणि पॅट्रिक संतापानं लाल झाले. हा कफल्लक मदतनीस पाद्री आणि माझी लेक नामवंत लेखिका! स्वतः कफल्लक आयरिश मदतनीस पाद्री म्हणूनच सुरुवात केली होती, हे सोयीस्कर विसरले. अखेर 29 जून 1854 रोजी लग्न झालं, तेही सासरेबुवा ऐनवेळी चर्चमध्ये न येता.

मधुचंद्राला जोडपं वेल्समार्गे आयर्लंडला गेलं. आयरिश लोक गबाळे, असं शार्लटनं कायम ऐकलेलं. बॅनहरच्या सासरी तिला नीटनेटकं मोठं घर आणि अगत्याची माणसं भेटली. आपण चकित झालो, असं तिनं पत्रात प्रांजळपणे कळवलं. आयरिश बापाच्या लेकीला हे असं बाहेरून कळावं! पुढे किलार्नीजवळच्या खिंडीत ती घोड्यावरून पडली, पण थोडक्यात बचावली.

नऊच महिन्यांनी, 31 मार्च 1855 रोजी, शार्लट गेली. सहाही अपत्यं गमावलेले पॅट्रिक उरले आणि उरला तो नकोसा जावई. निकोल्सनं सहा वर्षं सासऱ्यांना सांभाळलं. 1861 मध्ये पॅट्रिक वारले. हॉवर्थच्या विश्वस्तांनी त्यांची जागा निकोल्सला दिली नाही, तेव्हा तो हस्तलिखितं, कपडे, चित्रं घेऊन बॅनहरला परतला. पाद्रीपण सोडलं, शेती केली, पुढे मामेबहिणीशी लग्न केलं.

1895 मध्ये क्लेमंट शॉर्टर हा लंडनचा संपादक त्याला शोधत बॅनहरला गेला आणि पुष्कळ हस्तलिखितं विकत घेऊन परतला. त्यातली कित्येक पुढे संग्राहकांमध्ये पांगली. 1906 मध्ये निकोल्स वारला. तिघी बहिणींचं भाऊ ब्रॅनवेलनं काढलेलं तैलचित्र त्याला आवडत नसावं, कारण ते घडी घालून कपाटावर टाकलेलं होतं. 1914 मध्ये ते त्याच्या दुसऱ्या बायकोला सापडलं. आज ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहे. तिघींचे चेहरे जगाला ठाऊक आहेत ते मुख्यतः याच चित्रामुळे, आणि बॅनहरच्या घड्यांच्या खुणा त्यावर अजून दिसतात.

नमस्कार.