न दिसणाऱ्या टोकाचा माग

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे हे वेटोळे तांब्याचे आहे. केसाहून बारीक तारेचे शेकडो वेढे देऊनही त्याचा व्यास १ मिलिमीटरपेक्षा कमी राहतो. हृदयापर्यंत सरकवल्या जाणाऱ्या कॅथेटरच्या, म्हणजे लवचीक नळीच्या, टोकात अशी वेटोळी बसवतात. जांघेतील शिरेतून नळी आत गेली की तिचे टोक या क्षणी नेमके कोठे आहे, याची बातमी या वेटोळ्यांकडूनच बाहेर येते.

एरवी हे काम क्ष-किरण करतात. त्यांच्या चित्रात नळी ठळक उमटते. पण हृदयाच्या भिंती जवळजवळ दिसतच नाहीत, खोली कळत नाही, आणि जितका वेळ पाहत राहावे तितका वेळ रुग्णावर आणि शिशाचा एप्रन घालून शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांवर किरणांचा मारा होत राहतो. कॅमेऱ्याने उपकरणांचा माग घेता येतो, परंतु मध्ये काहीही आडवे आलेले त्याला चालत नाही. कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला मात्र त्वचा, रक्त, हाड यांचा अडथळा जवळपास होतच नाही.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते. त्यावर आधारलेली स्थान मोजण्याची पद्धत प्रथम आकाराला आली ती रुग्णालयासाठी नव्हे. १९७० च्या दशकात लढाऊ वैमानिकाचे शिरस्त्राण कोणत्या दिशेला वळले आहे, हे ओळखण्यासाठी ती वापरली गेली. हृदयाचा नकाशा याच मार्गाने काढण्याची पद्धत लिओर गेपस्टाइन, गाल हयाम आणि श्लोमो बेन-हाइम यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली.

रुग्णाच्या टेबलाखालचे हे सपाट उपकरण क्षेत्रजनक, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे, आहे. त्यातील प्रत्येक मोठे वेटोळे आपापल्या वारंवारतेचे किंवा पाळीपाळीने क्षीण क्षेत्र सोडते आणि टोकातील चिमुकल्या वेटोळ्यात प्रत्येकामुळे वेगळा विद्युतदाब उमटतो. तो अंतराप्रमाणे आणि कोनाप्रमाणे बदलत असल्यामुळे संगणक उलट गणित करून टोकाची जागा आणि दिशा काढतो. एकच वेटोळे असेल, तर ते स्वतःच्या अक्षाभोवती फिरले तरी त्यातला विद्युतदाब बदलत नाही. म्हणून तेही कळायला हवे असेल, तर दुसरे वेटोळे तिरके बसवावे लागते.

आता पडद्यावरील रंगांकडे पाहावे. टोक भिंतीला जेथे जेथे टेकते, तेथील स्थान आणि विद्युत संदेश तेथे पोहोचण्याची वेळ एकत्र नोंदली जाते. या नकाशात संदेश सर्वांत आधी पोहोचतो तो भाग लाल, तर सर्वांत उशिरा पोहोचतो तो जांभळा आहे. ठोक्यांची लय बिघडवणारा मार्ग अशा नकाशावरूनच शोधला जातो.

प्रयोगशाळेतील हे दृश्य आम्ही मुद्दाम ठेवले आहे. संवेदक, म्हणजे ते चिमुकले वेटोळे, शिकंज्यात घट्ट बसवलेला आहे. तरीही लोखंडी पाना जवळ आणताच पडद्यावरील ठिपका सरकतो. लोखंड क्षेत्राला आपल्याकडे ओढून घेते, तर इतर सुवाहक धातूंत फिरते प्रवाह निर्माण होऊन मूळ क्षेत्राला विरोध करतात. क्ष-किरण यंत्राची कमान जवळ आली तरी हेच घडते. शिवाय अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने, साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात, क्षीण होते. त्यामुळे मोजमापाची जागा मर्यादित ठेवावी लागते. श्वासाने होणारी हालचाल वजा करण्यासाठी रुग्णाच्या अंगावर वेगळा संवेदक चिकटवतात.

या पद्धतीमुळे क्ष-किरणांचा वापर बराच घटला असून काही उपचार त्यांच्याविना होतात; उपकरणांची किंमत मात्र मोठी आहे.

मोठ्या आतड्याच्या तपासणीत काही यंत्रांमध्ये हीच मांडणी उलटी असते. दुर्बिणीच्या लांबीभर बसवलेली वेटोळी क्षेत्र सोडतात आणि शरीराबाहेरचे ग्राही उपकरण ते टिपते. त्यामुळे आत दुर्बिणीला पडलेला वळसा पडद्यावर तत्काळ दिसतो आणि पोटावर कोठे दाब द्यायचा, हे परिचारिकेला सांगता येते.