अठरा फुटांचं तोंड

मंडळी, पेठेतला प्लॉट दाखवायला कुणी आलं की आमच्या आर्किटेक्टच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, "तोंड किती?" क्षेत्रफळ, मालकी, भाडेकरू हे सगळं नंतर. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत उत्तर बहुतेक ठरलेलं. रस्त्यावर अठरा-वीस फूट आणि आत ऐंशी-नव्वद फूट खोल. वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येक भावाला रस्त्यावर स्वतःचं दार हवं होतं, म्हणून वाडा आडवा न कापता उभा कापला गेला. पिढीगणिक पट्टी अरुंद होत गेली. आज मला बोलायचंय ते या पट्टीत नवं काय उभं राहतं, आणि त्यानं समोरच्या गल्लीचं काय होतं, याबद्दल.

आधीच सांगून टाकतो, मी वाड्यांसाठी गळा काढणाऱ्यांतला नाही. पावसाळ्यात तीन बादल्या मांडून झोपणाऱ्याला आणि रात्री चौक ओलांडून संडासला जाणाऱ्याला सुरूदार खांबांचं कौतुक ऐकवू नये. वाडे पडले त्याला कारणं आहेत. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली. मालकाला कौलं फिरवायचा खर्चही निघेना, आणि भाडेकरू सोडेना, कारण तो जाणार कुठे? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती बसल्या, आणि पुण्यानं पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर रिकाम्या पट्ट्या पाहिल्या. जुन्या पेठेत नवं बांधणं हे काही आजचं पाप नाही. लक्ष्मी रोड हा तरी कुठे पेशव्यांनी आखलाय? तो विसाव्या शतकात नगरपालिकेनं वस्ती कापून काढला.

त्यामुळे उंचीवरून जी ओरड होते, तिच्यात मी सामील होत नाही. मूळ भाडेकरूंना घरं द्यायची, मालकाला द्यायचं, आणि बिल्डरचा खर्च विक्रीतून काढायचा, म्हणजे पाच मजले होणारच. गल्लीतून चालणाऱ्या माणसाचा पाचव्या मजल्याशी संबंध येत नाही. त्याचा संबंध येतो तो जमिनीपासून पहिल्या दहा फुटांशी. आणि तिथेच आम्ही घाण केली. आम्ही म्हणजे मी धरून.

माझी पेठेतली पहिली इमारत अशाच अठरा फुटांवर होती. बेरीज ऐका. गाडी आत जायला दहा फूट. जिना आणि लिफ्टकडे जायला चार फूट. वीज कंपनीच्या माणसाला रस्त्यावरूनच हात घालता यावा अशी मीटरची खोली, चार फूट. झाले अठरा. तोंड संपलं! जिथे दिंडी दरवाजा होता, ओटा होता, ओट्याशेजारी एक शिंपी मशीन घेऊन बसायचा, तिथे आता सरकतं लोखंडी गेट, एक बोळ आणि मीटरचे डबे. आत पार्किंगचा अंधार. मला त्या वेळी वाटलं होतं की मोठ्या हुशारीनं सगळं बसवलं. नकाशा मंजूर झाला म्हणून पेढेही वाटले.

बरं, एवढं करून गाड्या किती बसल्या? चार, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यासारख्या. सगळ्यात आतल्याला सकाळी सातला निघायचं तर पुढच्या तिघांना उठवायचं. महिनाभर उठवाउठवी झाली, मग आतल्यानं गाडी गल्लीतच लावायला सुरुवात केली. म्हणजे ओटा गेला, शिंपी गेला, आणि गाडी होती तिथेच राहिली. अशा दहा इमारती एका गल्लीत झाल्या की दोन्ही बाजूंना नुसती गेटं. संध्याकाळी सातनंतर त्या गल्लीत कुणाचं लक्ष नसतं. पूर्वी ओट्यावर बसलेली एखादी आजी कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवायची. वैताग यायचा तिचा, मान्य. पण आता तेच काम करायला कॅमेरा लावावा लागतो.

चौकाचंही तसंच झालं. वाडा दोन मजली होता तोवर वीस फुटांच्या चौकातून खालपर्यंत ऊन यायचं, गरम हवा वर निघून जायची. तोच चौक आक्रसून सहा फुटांचा डक्ट झाला आणि वर पाच मजले चढले. खालच्या स्वयंपाकघरात दुपारी बाराला दिवा. डक्टमध्ये ड्रेनेजचे पाइप, कबुतरं, आणि वरच्यांच्या दोरीवरून पडलेले कपडे.

आता रस्तारुंदीच्या रेषेकडे येतो. कागदावर ती सरळ असते. नियम असा की जो नव्यानं बांधेल त्यानं रेषेच्या मागे सरकायचं. ऐकायला रास्त आहे. पण गल्लीतली सगळी घरं एकाच वर्षी पडत नाहीत. आज एक, आठ वर्षांनी दुसरं, मधलं कोर्टात. त्यामुळे गल्ली रुंद होत नाही, तिला खाचा पडतात. मागे सरकलेल्या घराच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या कोऱ्या, गिलावा न केलेल्या भिंती उघड्या पडतात. त्या खाचेत मग ट्रान्सफॉर्मर येतो, चार दुचाकी येतात, कचऱ्याचा ढीग येतो. रस्ता म्हणून त्या मागे सोडलेल्या दीड मीटरचा उपयोग व्हायला सगळी रांग पडावी लागेल. माझ्या हयातीत ते होणार नाही. तोवर निदान ती दीड मीटर जागा फरसबंद करून, एक बाक आणि एक झाड देऊन पादचाऱ्याची म्हणून ताब्यात घ्यावी, एवढं साधं आपल्याला सुचू नये?

एक बारीकसं दुखणं आणखी. जुन्या घराचं जोतं रस्त्यापासून दीड-दोन फूट वर असायचं. आम्ही डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट असं चढवत गेलो. खरवडायचा कंटाळा. आज काही वाड्यांचा उंबरा रस्त्याच्या खाली गेलाय आणि पहिल्या वळवाच्या पावसात पाणी थेट माजघरात जातं. रस्ता सुंदर करण्याची मोठमोठी चित्रं काढण्याआधी त्याची पातळी जिथल्या तिथे ठेवली तरी पेठांवर उपकार होतील. लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, गाड्या बंद ठेवतात. मला आवडतं ते. पण गल्ली उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही असतेच.

उपाय विचाराल तर दोन ठिकाणांची नावं घेतो. पहिलं इंदूरचं अरण्य. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. दोशी जन्मानं पुण्याचे, १९२७ चे, हे आपण पुणेकर अभिमानानं सांगतो आणि शिकत मात्र काही नाही. अरण्यमध्ये घर आणि रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी ठेवली होती. तिच्यात मालकानं ओटा करावा, जिना काढावा, वर गॅलरी काढावी. अर्धा मीटर म्हणजे दीड-पावणेदोन फूट. माणूस टेकायला तेवढं पुरतं. दुसरं ठिकाण ॲम्स्टरडॅमचं. तिथे १९९० च्या दशकात बोर्निओ नावाच्या जुन्या गोदीच्या पट्ट्यावर अशाच अरुंद तोंडाची, एकमेकांना चिकटलेली घरं बांधली. तळमजल्याची उंची साडेतीन मीटर हवी असा तिथे दंडक होता. मला त्यातलं शहाणपण उशिरा कळलं. आपलं पार्किंग आठ फुटी असतं, तुळई डोक्याला लागते. उद्या गाड्या नको झाल्या तरी तिथे दुकान, दवाखाना, अभ्यासिका काही निघणार नाही. तळमजला अकरा-बारा फुटी ठेवला तर तो पुढच्या पिढीला कशालाही वापरता येतो.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा एक पट्टी हाती आली, या वेळी साडेएकोणीस फुटांची. शेजारचा प्लॉटही पाडायला निघाला होता. दोन्ही मालकांना एकत्र बसवलं. सहा बैठका झाल्या, त्यातल्या चार चहावरच संपल्या. शेवटी एवढं ठरलं की गाड्यांचा बोळ दोघांत एक, शेजाऱ्याच्या बाजूनं. त्यामुळे माझ्या बाजूला तोंड मोकळं राहिलं. तिथे दहा फूट खोल दुकानाचा गाळा काढला, मीटर बोळाच्या भिंतीवर नेले, खिडक्यांच्या पट्ट्या पलीकडच्या उरलेल्या वाड्याच्या रेषेला जुळवल्या. आणि दीड फूट उंचीचा ओटा केला, शहाबादी फरशीचा. बिल्डर म्हणाला, "साहेब, यातून विक्रीला काय मिळणार?" काही नाही, म्हटलं.

ताबा दिल्यावर सोसायटीनं पहिलं काम काय केलं असेल, तर ओट्यावर कुंड्या मांडल्या, ओळीनं, कुणी बसू नये म्हणून. मी काही बोललो नाही. परवा गणपतीच्या वर्गणीसाठी पोरं आली होती, त्यांच्याबरोबर त्या गल्लीतून गेलो. कुंड्या दोन्ही टोकांना सरकवलेल्या होत्या आणि मधल्या जागेत एक बाई निवडायची मेथी घेऊन बसल्या होत्या. कुंड्या कुणी सरकवल्या ते मी विचारलं नाही.